बायपास-स्लीव्हनंतर अंगी काय लागतं, काय नाही

वजन कमी करण्याचं ऑपरेशन (बायपास किंवा स्लीव्ह) झालेल्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिल्या सहा महिन्यांत, “आता काही खाल्लं तरी अंगी लागत नाही.” आणि दोन-तीन वर्षांनी, “खात तर काहीच नाही, तरी वजन वाढतंय.” दोन्ही समजांचं मूळ एकच आहे: ऑपरेशनने आतडं अन्न शोषेनासं होतं, म्हणून वजन उतरतं, ही कल्पना. प्रत्यक्षात नेहमीच्या ऑपरेशनांनंतर कॅलरींचं शोषण फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लोह, बी-१२, कॅल्शियम, जस्त यांचं. अंगी लागू नये असं वाटतं ते लागतं आणि लागायला हवं ते राहून जातं. पुढच्या सगळ्या सूचना या एका उलट्या हिशोबातून आल्या आहेत.

खाली दिलेल्या मात्रा मोठ्या माणसांना सर्वसाधारणपणे सांगितल्या जातात त्या आहेत. तुमची मात्रा तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टर ठरवतील.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा

“माझं बॅरिअ‍ॅट्रिक झालंय” एवढं सांगून भागत नाही. कार्डावर कोणतं ऑपरेशन लिहिलंय ते बघा, आणि बायपास असेल तर आतड्याच्या फाट्यांची लांबी शोधा. ती नसेल तर रुग्णालयाकडून ऑपरेशन नोट मागून घ्या आणि फोनमध्ये फोटो ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला नेमका तोच आकडा लागतो.

स्लीव्हमध्ये जठराचा डावीकडचा फुगीर भाग, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के जठर, कापून काढतात. उरते केळ्याएवढी नळी. तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावतं. आतड्याला हात लावलेला नसतो.

रू-एन-वाय बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला १५ ते ३० मिलिलिटरची पिशवी करतात, म्हणजे चहाच्या छोट्या कपाचा तिसरा-चौथा हिस्सा. या पिशवीला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. अन्न एका फाट्यातून उतरतं, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या फाट्यातून येतो, आणि दोन्ही खाली एका सांध्यावर भेटतात. अन्नाचा फाटा बहुधा ७५ ते १५० सेंटिमीटर आणि रसाचा ५० ते १०० सेंटिमीटर असतो. त्याखाली दोन्हींचा सामाईक रस्ता उरतो, तो सहसा तीन मीटर किंवा जास्तच.

मिनी बायपासमध्ये लांबट पिशवी आणि एकच जोड असतो. जोडाच्या आधीचं १५० ते २०० सेंटिमीटर आतडं अन्नाच्या वाटेतून वगळलं जातं. हा आकडा २०० च्या पुढे असेल तर प्रथिनं आणि लोह यांची कमतरता जास्त दिसते. अशा माणसाने तपासण्या चुकवणं परवडत नाही.

ड्युओडेनल स्विच या ऑपरेशनात सामाईक रस्ता जेमतेम ५० ते १०० सेंटिमीटर ठेवतात. तिथे शोषण खरोखरच तुटतं आणि सगळ्या मात्रा चढ्या लागतात. आपल्याकडे ते कमी होतं, म्हणून हा लेख मुख्यतः पहिल्या तिघांबद्दल आहे.

कोणती गोष्ट कुठे शोषली जाते

जठराच्या आम्लामुळे अन्नातलं लोह शोषण्याजोगं होतं आणि बी-१२ प्रथिनापासून सुटं होतं. त्याच जठराच्या भिंतीतून इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन स्रवतं. बी-१२ त्याचा हात धरूनच लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला शोषलं जातं. स्लीव्हमध्ये आम्ल आणि हा फॅक्टर करणाऱ्या बऱ्याचशा पेशी कापून गेलेल्या असतात. बायपासमध्ये त्या शरीरात असतात, पण अन्न त्यांच्यापर्यंत जातच नाही.

जठराच्या पुढचा वीतभर भाग म्हणजे ड्युओडेनम. लोह मुख्यतः तिथे आणि त्याला लागून असलेल्या आतड्यात शोषलं जातं. कॅल्शियम शोषणारी सक्रिय यंत्रणाही तिथेच. बायपासने नेमका हाच भाग वाटेतून काढलेला असतो. आतडं बरंच शिल्लक आहे, पण या दोन धातूंचं आत यायचं दार मागे राहिलं, अशी ती स्थिती.

साखरेचं तसं नाही. साखर आणि पिष्ट तोडणारे शेवटचे एन्झाइम आतड्याच्या अस्तरावरच असतात, त्यामुळे पित्तरसाची वाट न बघता साखर अन्नाच्या फाट्यातच शोषली जाऊ लागते, तीही पूर्वीपेक्षा झपाट्याने. प्रथिनं सांध्याखाली पचतात आणि बहुतेक आत येतात. चरबीला मात्र पित्त लागतंच. तिच्यासाठी सामाईक रस्ताच उरतो, म्हणून चरबीचा काही हिस्सा वाया जातो.

कॅलरींचा हिशोब

निरोगी आतडं खाल्लेल्या कॅलरींपैकी सुमारे ९५ टक्के आत घेतं. स्लीव्हनंतर हे जवळपास तसंच राहतं. बायपासमध्ये अन्नाचा फाटा १५० सेंटिमीटरचा असेल तर चरबीचा पाव ते एक तृतीयांश भाग शोषला जात नाही असं मोजणीत दिसलं आहे. तरीही रोज आत येणाऱ्या कॅलरी जेवढ्या घटतात, त्यातला या गळतीचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. बाकीची घट कमी खाल्ल्याने होते.

आणि कमी खाल्लं जातं ते फक्त पिशवी लहान झाली म्हणून नव्हे. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची हार्मोन्स जास्त सुटतात. स्लीव्हमध्ये भुकेचं घ्रेलिन स्रवणारा भागच निघून जातो. ‘भूकच लागत नाही’ हा अनुभव खरा आहे, फक्त तो आयुष्यभर त्याच जोरात टिकत नाही. शिवाय उरलेल्या आतड्याचं अस्तर वर्ष-दोन वर्षांत जाड आणि उंच होतं, त्यामुळे सुरुवातीची थोडी गळतीही कमी होऊ शकते.

टेबलस्पूनभर तेल म्हणजे १२० ते १३० कॅलरी. बायपासवाल्याच्या आतड्यात त्यातल्या तीस टक्के गळल्या तरी नव्वद अंगी लागल्याच. साखरेच्या तर शंभरातल्या शंभर लागतात.

न शोषण्यावरच भिस्त ठेवून बघण्याचा प्रयोग वैद्यकाने करून झालेला आहे. १९५४ पासून पुढची दोन-अडीच दशकं अमेरिकेत जेजुनो-इलियल बायपास होत असे. त्यात लहान आतड्याचा अर्ध्या मीटरहूनही कमी भाग अन्नाच्या वाटेत उरत असे. वजन झरझर उतरायचं, आणि त्यामागोमाग यकृत निकामी होणं, मूतखडे, सांध्यांचे विकार. ते ऑपरेशन बंद पडलं. आजची ऑपरेशनं मुद्दाम बेताचं आतडं वगळतात ती त्यामुळेच.

पहिले सहा ते आठ आठवडे

क्रम सहसा असा: एक-दोन दिवस गाळीव पातळ पदार्थ (नारळपाणी, डाळीचं वरचं पाणी, गाळलेलं सूप). मग दोन आठवड्यांपर्यंत दाट पातळ, जसं की ताक, साय काढलेलं दूध, पाण्यात किंवा दुधात प्रोटीन पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, नंतर मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न. तुमच्या रुग्णालयाचा तक्ता दोन-चार दिवसांनी इकडेतिकडे असेल तर तोच पाळा.

या काळात कॅलरी मोजू नका. मोजायचं ते पाणी आणि प्रथिन. दिवसाला किमान दीड लिटर द्रव, तोही घोटाघोटाने. भांडं तोंडाला लावून गटागटा प्यायलात तर छातीत दुखेल किंवा उलटी होईल. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. पाण्याने घास पुढे ढकलला जातो, पोट लवकर रिकामं होतं आणि तृप्तीचा निरोप पोचायच्या आत पुन्हा जागा होते.

सगळ्यात धोकादायक कमतरता याच टप्प्यात येते, ती थायमिनची, म्हणजे बी-१ ची. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. रोज ५० मिलिग्रॅम थायमिन असलेली बी-कॉम्प्लेक्स गोळी घेणं सोयीचं. १२ मिलिग्रॅम ही तळाची मर्यादा. उलट्या दोन-तीन दिवसांहून जास्त चालल्या तर “सवय होईल” म्हणत घरी बसू नका. उलट्यांबरोबर एकाची दोन दिसणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ यातलं काही असेल तर तातडीने रुग्णालय गाठा. उशीर झाला तर मेंदूची हानी कायमची राहू शकते.

आणि इथे एक चूक नेहमी होते. उलट्यांनी गळालेल्या माणसाला जवळच्या दवाखान्यात नेतात, तिथे ताकद यावी म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावतात. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. उरलंसुरलं थायमिन त्यात खर्च होतं आणि अवस्था आणखी बिघडते. सोबत असणाऱ्याने एवढं एक वाक्य पाठ करून ठेवावं: “यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या.”

प्रथिनं: रोज ६० ग्रॅम, आणि ताटात पहिला मान

किमान ६० ग्रॅम. उंच किंवा कष्टाचं काम करणाऱ्यांना ८०-९० लागतात. प्रथिन कमी पडलं की शरीर स्नायू मोडून खातं, आणि वजनकाट्यावर ते झोकात दिसतं. पाय सुजले, केस गळायचे थांबेनात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ३.५ च्या खाली गेलं, की हिशोब चुकलाय असं समजा. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात थोडे केस गळतातच. ते वजन वेगाने उतरल्यामुळे असतं आणि पुढे थांबतं. वर्षानंतरही गळत असतील तर फेरिटिन (रक्तातून कळणारा लोहाचा साठा), जस्त आणि प्रथिन बघायचं.

शाकाहारी माणसाने साठ ग्रॅम कसे गाठायचे? व्हे (दुधातल्या प्रथिनाच्या) पावडरीचा एक चमचा (डब्यातला) २४ ग्रॅम, ६० ग्रॅम पनीर ११, वाटीभर घट्ट मूगडाळ ७, २० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे भिजवून शिजवलेले १०, कपभर दूध ६, छोटी वाटी दही ४. बेरीज ६२. पावडर वगळलीत तर हे दोन पाहुण्यांचं जेवण होईल आणि पिशवीत मावणार नाही, म्हणून पहिली काही वर्षं पावडरीला लाजू नका. मांसाहारी ताटात दोन अंडी १२, सुरमईचा ८० ग्रॅमचा तुकडा १६, शिजलेलं चिकन ६० ग्रॅम १६, आणि वर दूध, दही, डाळ. गाडी रुळावर येते.

खाण्याचा क्रम आपल्या सवयीच्या उलटा ठेवायचा. आधी पनीर, अंडं किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. वरणभाताने सुरुवात केली तर पोट भाताने भरतं. ताजी मऊ पोळी आणि भात काही जणांना सुरुवातीच्या महिन्यांत अडकतात: पोळीचा लगदा जोडावर बसतो, भात फुगतो. भाकरी चुरून डाळीत भिजवली तर बहुतेकांना चालते. बायपासनंतर दुधाने गुडगुडत असेल तर दूध सोडून दही-ताक घ्या. त्यात दूधसाखर कमी असते.

उपासाच्या दिवशी सगळं गणित कोसळतं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिन ग्रॅमभरही नाही. वाटीभर खिचडी खाऊन पोट भरलेलं, तेल आणि पिष्ट पुरेपूर शोषलेलं, आणि प्रथिन तेवढं शेंगदाण्याच्या कुटातलं. उपास करायचाच असेल तर दही, पनीर, राजगिरा आणि साधी प्रोटीन पावडर यांवर करा. पहिल्या वर्षात निर्जळी तर नकोच.

गोळ्या: लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका

मल्टिव्हिटॅमिन रोज. त्यात जस्त ८ ते २२ मिलिग्रॅम आणि तांबं १ ते २ मिलिग्रॅम हवं. दुकानातल्या बऱ्याच गोळ्यांत जस्त भरपूर आणि तांबं शून्य असतं. जास्त जस्ताने तांब्याचं शोषण अडतं, आणि तांब्याच्या कमतरतेत पाय बधिर होतात, चाल डगमगते. चित्र हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखं, त्यामुळे महिनोन्‌महिने बी-१२ ची इंजेक्शनं चालतात आणि फरक पडत नाही. दर ८ ते १५ मिलिग्रॅम जस्तामागे १ मिलिग्रॅम तांबं, हे प्रमाण लक्षात ठेवा.

लोह: पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपास झालेल्या सगळ्यांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम मूळ लोह. इथे ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटच्या गोळीत मूळ लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असतं. मोठा आकडा अख्ख्या संयुगाचा, छोटा त्यातल्या लोहाचा. लोह चहा-कॉफीपासून किमान एक तास, आणि कॅल्शियम, दूध, आम्लविरोधी गोळ्या यांपासून दोन तास लांब. अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर घेतलं तर क जीवनसत्त्वाची मदत होते. बर्फ, कच्चे तांदूळ, माती किंवा खडू खावासा वाटू लागला तर तो लोह कमी झाल्याचा निरोप समजा. हिमोग्लोबिन अजून बरं असतानाही तो येऊ शकतो. गोळ्यांनी फेरिटिन चढतच नसेल तर शिरेतून लोह देतात. त्यात कमीपणा नाही, दारच बंद आहे तर खिडकीतून द्यायचं.

कॅल्शियम: स्लीव्ह आणि बायपासला रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम, जेवणातलं धरून. एका वेळी ५००-६०० च्या वर आतडं घेत नाही, म्हणून तीन वेळा विभागून. सायट्रेट घ्या. कार्बोनेटला आम्ल लागतं, आणि तेच कमी झालेलं आहे. त्यात ऑपरेशननंतर काही महिने आम्ल दाबणारी गोळीही चालू असते. पण सायट्रेटचा आकडाही फसवा: ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ लिहिलेल्या गोळीत मूळ कॅल्शियम २१० मिलिग्रॅमच असतं. अशा दोन गोळ्या घेणाऱ्याला वाटतं २००० झालं, पोचतं ४२०. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम आहे खरं, पण धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे त्यातलं बरंच अडकून राहतं. भाकरीवर हाडं सोपवू नका.

ड जीवनसत्त्व रोज ३००० आययू, रक्तातली पातळी ३० च्या वर जाईपर्यंत आणि पुढे ती टिकवण्यापुरतं. आठवड्याचं ६०,००० आययूचं पाकीट डॉक्टरने जितके आठवडे सांगितलं तितकेच. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं आहे, जेवणाबरोबर घ्या.

बी-१२: रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. अन्नातून काही मायक्रोग्रॅम पुरतात आणि गोळीत हजार कशाला? इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवाय बी-१२ चा साधारण एक टक्का नुसता झिरपून आत जातो, म्हणून मोठी मात्रा. यकृतातला साठा दोन-तीन वर्षं पुरतो, त्यामुळे आज गोळी सोडली तर उद्या काहीच होत नाही, आणि हाच घात आहे. जन्मभर शाकाहारी असलेल्यांचा साठा मुळात कमी असतो, त्यांना ही दोन वर्षंही मिळत नाहीत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-१२ आणखी खाली नेतं. फॉलिक अ‍ॅसिड ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम पुरे. ते एकटंच वाढवलं तर रक्तातलं चित्र सुधारतं आणि बी-१२ अभावी मज्जातंतू मात्र गुपचूप खराब होत राहतात.

दिवसाची मांडणी एकदा बसवून टाका. थायरॉइडची गोळी असेल तर ती साडेसहाला उपाशीपोटी, कारण तिच्यानंतर चार तास लोह-कॅल्शियम चालत नाही. सकाळचा चहा-नाश्ता गोळ्यांविना. ११ वाजता कॅल्शियम. १ वाजता जेवण आणि मल्टिव्हिटॅमिन. साडेचारला पुन्हा कॅल्शियम, साडेआठच्या जेवणाबरोबर तिसरं, आणि झोपण्यापूर्वी पावणेअकराला लोह. स्लीव्हनंतर छातीत जळजळ होणाऱ्यांना झोपतानाची लोहाची गोळी सोसत नाही. त्यांनी सकाळच्या चहाला दहापर्यंत सुट्टी देऊन लोह साडेसातला घ्यावं, आणि थायरॉइडची गोळी रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी चालेल का ते डॉक्टरांना विचारावं.

जेवणाबरोबरचं कॅल्शियम बायपासवाल्यांना आणखी एका कारणाने हवं. न शोषलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून बसते, मग एरवी त्याच्याशी बांधलं जाणारं भाज्यांतलं ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात आणि मूत्रपिंडात जातं आणि खडा होतो. अळूचं फदफदं किंवा पालकाची भाजी ज्या जेवणात असेल त्याबरोबर कॅल्शियम घ्या, आणि पाणी कमी पडू देऊ नका.

डंपिंग आणि त्याचा उशिरा येणारा भाऊ

ग्लासभर उसाच्या रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. बायपासच्या पिशवीतून ती थेट आतड्यात ओतली जाते, तिला पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, आणि दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, मुरडा, जुलाब. हेच डंपिंग. आमरस, बासुंदी, शिरा यांचंही तेच. आडवं पडा, अर्धा-पाऊण तासात ओसरतं.

उशिराचा प्रकार वेगळा आहे. तो बहुतेकदा ऑपरेशननंतर वर्षभराने सुरू होतो: जेवल्यावर एक ते तीन तासांनी थरथर, घाम, भुकेने कासावीस होणं. साखर झपाट्याने शोषली गेली, इन्सुलिनची लाट आली आणि साखर खाली ओढली गेली. अशा वेळी मूठभर पेढे खाल्ले तर पुन्हा तीच फेरी. १० ते १५ ग्रॅम ग्लुकोज (तीन चहाचे चमचे) पाण्यातून, आणि बरं वाटलं की लगेच पनीर किंवा अंड्यासारखं प्रथिन. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा पुन्हा पुन्हा दिसला, किंवा भोवळ आली, तर डॉक्टरांकडे जा. गाडी चालवणाऱ्यांनी तर हे अजिबात टोलवू नये.

बाकीची औषधं

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि तत्सम वेदनाशामकं बायपासच्या जोडावर अल्सर करतात, बिडी-सिगारेटही. डोकं-अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा आतड्यात फुटणाऱ्या गोळ्यांचा प्रवास बदललेला असतो, म्हणून मेटफॉर्मिन, मिरगी, मानसिक आजार यांच्या दीर्घ परिणामाच्या गोळ्या साध्या रूपात बदलाव्या लागतील का ते विचारून घ्या. अशा गोळ्या स्वतःच्या मनाने कुटू नका. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधं मात्र उलट, लवकर कमी करावी लागतात. दारू स्लीव्ह आणि बायपास दोन्हींनंतर वेगाने आणि जास्त चढते. पूर्वीचं आपलं ‘प्रमाण’ विसरा.

गर्भनिरोधक गोळ्यांवर बायपासनंतर विसंबू नये. तांबी किंवा तत्सम साधन बरं. गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकला. नंतर दिवस राहिले की तपासणीच्या पहिल्याच भेटीत ऑपरेशनबद्दल सांगा, कारण आपल्याकडे मधुमेहाच्या चाचणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात. बायपासवालीला त्याने डंपिंग होईल आणि आकडेही भरवशाचे नसतील. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर लिहून काढण्याचा मार्ग आहे. ‘अ’ जीवनसत्त्व तेव्हा बीटा कॅरोटीनच्या रूपात असलेलं निवडतात.

रक्ततपासणी

तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी, जन्मभर. यादी: सीबीसी, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी-१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढणारं हार्मोन), अल्ब्युमिन, यकृत-मूत्रपिंड, बायपासला जस्त आणि तांबंही, लांब फाट्यांना अ जीवनसत्त्व.

रिपोर्ट वाचताना तीन सापळे. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. रक्त आपली पातळी हाडांच्या खात्यातून उचल करून सांभाळतं. पीटीएच वाढलेलं असेल तर ती उचल चालू आहे. दुसरं, अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वर दिसतं. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. थायरॉइड आणि पीटीएचचे आकडे त्याने चुकतात.

वजन परत चढू लागलं तर

पाच दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहा, चहासकट. साय असलेल्या दुधाचा दोन चमचे साखरेचा चहा ८० ते १०० कॅलरी. चार कप म्हणजे सव्वातीनशे ते चारशे. शेवेत १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास, आणि चार मुठी शेव लहान पिशवीतही आरामात जाते, कारण ती चावली की भुगा होतो आणि भुगा थांबत नाही, घरंगळतो. पनीर-भाकरी वीस मिनिटं पोटात बसते. बिस्किट-चहा पाच मिनिटांत पुढे. जे खाणं पोट भरत नाही ते अडतही नाही. ‘खात तर काहीच नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. ताटातलं जेवण त्याचं खरंच कमी झालेलं असतं, बाकीचं त्याने जेवणात धरलेलं नसतं.

वहीत ते सापडलं तर आधी चहातली साखर आणि फरसाण काढा, प्रथिन पुन्हा ६० वर आणा आणि महिन्याने वजन करा. पाच दिवसांची बेरीज प्रामाणिकपणे हजार-बाराशेच्या आत असेल आणि तरी वजन चढत असेल, किंवा अचानक पूर्वीएवढं जेवण जाऊ लागलं असेल, तर सर्जनकडे जाऊन एन्डोस्कोपीबद्दल विचारा. जोड सैल झालेला, पिशवी ताणलेली किंवा पिशवी आणि जुन्या जठरात नवी वाट पडलेली असू शकते. सोबत ती वही आणि ऑपरेशन नोटचा फोटो न्या.